सत्तरावे लागलेली एकतीस माणसे

'संख्या' आणि 'आख्यान' ही एकाच धातूची लेकरे आहेत, हे आपण सहसा विसरतो. 'ख्या' म्हणजे सांगणे, प्रकट करणे. त्याच्याआधी 'सम्' आला की त्या सांगण्याला साकल्य येते; नीट सांगणे, काही न गाळता सांगणे असा भाव त्यात उतरतो. पुढे व्यवहारात दोघांच्या वाटा फुटल्या. आख्यानाला आपण बैठकीत मानाने बसवले आणि संख्येला कचेरीत राबायला धाडले. अचूकपणाचेही तसेच झाले. अचूक माणूस म्हटला की किरकिरा, शब्दाशब्दाला अडवणारा, चष्म्याच्या काचेवरून दुसऱ्याची चूक हेरणारा कोणीतरी डोळ्यांपुढे उभा राहतो. पण अचूकपणाचे एक रूप असेही असते की, ज्याच्या मुळाशी निव्वळ करुणा असते. समोरचा माणूस मोजायचा राहून जाऊ नये, एवढीच त्याची तळमळ असते. पूर्णाताईंचा अचूकपणा या जातीचा होता.

पूर्णाताई हे त्यांचे खरे नाव नव्हे. ते नाव कचेरीने ठेवले, आणि कसे ठेवले तीच ही हकिगत आहे.

लोकसंख्येचे अंदाज बांधणाऱ्या कार्यालयात त्या गणिती सहायक होत्या. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या खिडकीशी त्यांचे मेज. मेजावर हाताने दांडा फिरवायचे आकडेमोडीचे यंत्र, त्याशेजारी टोक काढलेल्या पाच पेन्सिली आणि चादरीएवढे आखीव कागद. देशाची माणसे किती वाढतील, वाढता वाढता कोणत्या साली थांबतील, पाळण्यातली किती असतील आणि काठी टेकणारी किती, हे सारे त्या कागदांवर ठरत असे. पद्धत ऐकायला सोपी. दहा वर्षांपूर्वी साठ वर्षांच्या वर जितकी माणसे मोजली गेली, त्यांतली आज सत्तरीच्या वर किती उरली ते पाहायचे. त्यावरून तगण्याचे प्रमाण काढायचे, आणि त्या प्रमाणाने आजच्या माणसांना दहा-दहा वर्षांच्या पायऱ्यांनी पुढे न्यायचे. यंत्राचा दांडा करकरला की एक पायरी चढली. चाळीस वर्षांच्या चार पायऱ्या.

त्या वर्षी नवी गणना नुकतीच पार पडली होती आणि चाळीस वर्षांचा अहवाल तयार होत होता. अहवालाला वजन होते. त्यातल्या एका आकड्याकडे नियोजन खाते डोळे लावून बसले होते: चाळीस वर्षांनी ऐंशीच्या पुढची माणसे किती असतील? आकडा मोठा निघाला, तर प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा कक्ष बांधायचा आणि त्यासाठी परिचारिका शिकवायला घ्यायच्या. लहान निघाला, तर आहे त्यात भागवायचे. विभागाच्या साहेबांचा आकडा आला अकरा लाख. साहेब विद्वान, हिशेबाला पक्के आणि स्वभावाने मोकळे. फक्त आपल्या कोष्टकाला कोणी बोट लावलेले त्यांना खपत नसे. "अकरा लाख म्हणजे आहे त्यात भागेल," ते म्हणाले. "आपल्याकडची माणसं साठीनंतर भराभर जातात. वाईट आहे, पण कागद तसंच सांगतोय."

कागद तसेच सांगत होता खरा. ती बेरीज पूर्णाताईंनीच दोनदा तपासली होती. त्या वेळी त्या एकेचाळीस वर्षांच्या. आपल्याच वयाची ओळ चार पायऱ्या चढवून ऐंशीच्या रकान्यात नेताना त्यांचा हात क्षणभर थांबला होता. शंभरातली अठरा उरत होती.

घरी सासूबाई होत्या. मनात येईल ते ओठावर आणणाऱ्या, कानाने तल्लख आणि गुडघ्याने अधू. एका रविवारी त्या सहज म्हणाल्या, "अगं, तुमच्या कचेरीनं पाठवलेली ती शिक्षिका मोजायला आली होती ना मागं, मोठी खट होती बघ. वय विचारलं. मी म्हटलं, सत्तरावं लागलं. तर म्हणते, 'लागलेलं नको आजी, पूर्ण झालेलं सांगा.' मी म्हटलं, बाई गं, पूर्ण झालं की माणूस जातो. माझं अजून चाललंय!"

पूर्णाताई हसल्या. "मग काय लिहिलं तिनं?"

"एकोणसत्तर. एक वर्ष कापलंन् माझं. दहा वर्षांपूर्वी आलेला तो बापडा बरा होता. साठावं लागलं म्हटलं, त्यानं साठ लिहिलं, चहा प्याला, गेला."

पूर्णाताईंच्या हातातला धुतलेला पेला तसाच ठिबकत राहिला.

"आई, पुन्हा सांगा. तेव्हा साठ लिहिलं?"

"साठ."

"आणि आता एकोणसत्तर?"

"तुझे कान ठीक आहेत ना गं?"

दहा वर्षांत सासूबाई नऊच वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या. एवढ्यावर कोणी विनोद करून विषय सोडून दिला असता. पण पूर्णाताईंच्या डोळ्यांपुढे तो चादरीएवढा कागद पसरला. मागच्या गणनेत 'साठ व त्यापुढील' या रकान्यात सासूबाई होत्या. या गणनेत 'सत्तर व त्यापुढील' या रकान्यात त्या नव्हत्या. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतात ती मेलेली माणसे. म्हणजे सासूबाई कागदावर वारल्या होत्या, आणि इथे स्वयंपाकघरात पाय पसरून बसून त्या शिक्षिकेला नावे ठेवत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या तळमजल्यावर गेल्या. गणनेसाठी घरोघर जाणाऱ्यांना शिकवण्याचे काम तिथे चाले. तळमजल्याची पुस्तिका तिसऱ्या मजल्यावर कधी चढत नसे आणि तिसऱ्या मजल्याची कोष्टके खाली उतरत नसत. मागच्या पुस्तिकेत लिहिले होते, 'वय विचारावे.' नव्या पुस्तिकेत कोणा शहाण्याने सुधारणा केली होती, 'पूर्ण झालेले वय विचारावे.' सुधारणा चांगलीच होती. फक्त ती झाल्याचे वर कोणी कळवले नव्हते. तरुण माणसे तेव्हाही शाळेच्या दाखल्यावरून वय सांगत, त्यांचे काही बिघडले नाही. पण म्हातारी माणसे पिढ्यान् पिढ्या 'लागलेले' वर्ष सांगत आली होती. देशभरातले सगळे एकोणसाठीचे म्हातारे तेव्हा साठ म्हणून नोंदले गेले होते, आणि आज एकोणसत्तर म्हणून नोंदले जाऊन सत्तरीच्या रकान्याबाहेर राहिले होते. एका अख्ख्या वर्षाची माणसे कागदावर जिवंतपणी मेली होती. आणि ते खोटे मरण घेऊन साहेबांचे कोष्टक एकेक पायरी चढत होते. दर पायरीवर नव्याने मारत होते.

साहेबांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. मग चष्मा काढून पुसला.

"बाई, एका घरातली सासू म्हणजे देश नव्हे."

"साहेब, पण पुस्तिका तर देशाची आहे ना?"

"पुस्तिकेत लिहिलंय म्हणून लोक तसंच बोलले, असं कुठंय? सगळे म्हातारे 'लागलं'च सांगतात, याला पुरावा काय? मला भावना नको, मोजमाप हवं. येत्या सोमवारी कागद छापखान्यात जातायत. तोवर आणा."

आठ दिवस हातात होते. पूर्णाताईंनी रजा टाकली. जुन्या बाजारामागच्या एका वस्तीचे दोन्ही गणनांचे कागद त्यांनी परवानगी घेऊन काढले. नावे न घेता घरांचे क्रमांक आणि वये तेवढी उतरवली. ती वस्ती अशी की तिथून सहसा कोणी हलत नसे आणि तिथे नवे कोणी येत नसे. मागच्या गणनेत साठीच्या वरची माणसे चारशे बारा. आताच्या गणनेत सत्तरीच्या वरची एकशे सत्त्याऐंशी. कागदाच्या हिशेबाने दोनशे पंचवीस मेली होती.

पहिल्या दिवशी दारे किलकिली होऊन बंद झाली. सरकारी पिशवी घेतलेली बाई वय विचारते म्हटल्यावर म्हातारी माणसे सावध झाली. संध्याकाळी पूर्णाताई हिरमुसल्या चेहऱ्याने घरी आल्या तशा सासूबाई म्हणाल्या, "तू 'वय किती' म्हणून विचारतेस, म्हणून कोणी बोलत नाही. उद्या मी येते."

"आई, तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. आणि मेलेली मी आहे, तू नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून दोघी निघू लागल्या. सासूबाई कोणाचे वय विचारत नसत. उंबऱ्यावर टेकून त्या आधी आपलेच सांगत. "मला सत्तरावं लागलंय, आणि ही माझी सून म्हणते मी मेले!" एवढे म्हटले की आतून हमखास कोणीतरी बाहेर येई. "तुम्हाला सत्तरावं? मग तुम्ही माझ्याच वयाच्या!" गप्पांना तोंड फुटे. मग पूर्णाताई हळूच जुन्या गणनेचे विचारत. "तेव्हा काय सांगितलं होतंत?" "काय सांगणार, साठावं लागलं होतं, तेच सांगितलं." हे उत्तर घरामागून घर, गल्लीमागून गल्ली, त्याच शब्दांत येत गेले. पूर्णाताई वहीत एकेक खूण करत गेल्या. खूण केली की मेलेले एक माणूस परत येई.

शनिवारी दुपारी शेवटची गल्ली संपली. खुणा झाल्या होत्या एकतीस. एकतीस माणसे, सगळी पूर्ण एकोणसत्तर, सगळ्यांना सत्तरावे लागलेले. त्यांत एक शिंपी होता, अजून यंत्रावर बसणारा. निवृत्त मुख्याध्यापक होते. एकमेकींशी अबोला धरलेल्या दोन विहिणी होत्या. एक बाई तर अशा की त्यांच्या कागदावरच्या मरणाची गोष्ट ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. दोनशे पंचवीस नव्हे, एकशे चौऱ्याण्णव माणसे गेली होती. रविवारभर बसून पूर्णाताईंनी नव्या प्रमाणाने सगळ्या पायऱ्या पुन्हा चढवल्या. ऐंशीच्या रकान्यात आकडा उभा राहिला सतरा लाख चाळीस हजार. त्यांच्या स्वतःच्या ओळीत शंभरातली अठ्ठावीस उरत होती.

सोमवारी सकाळी साहेबांनी वही चाळली. भुवया उंचावल्या, पण हट्ट सुटला नाही. "काम मेहनतीचं आहे, बाई. पण हे तुम्ही लिहून आणलेले आकडे. उद्या नियोजन खात्यानं विचारलं की ही माणसं खरंच आहेत का, तर मी काय तुमची वही दाखवू?"

त्याच वेळी जिन्यातून आवाज आला. काठ्यांची टकटक, धापा, मध्येच कोणाचे तरी "अहो, जरा थांबा की, हृदय मागं राहिलं माझं." त्या इमारतीला उद्वाहक नव्हता. तीन मजले चढून, दर वळणावर कठड्याला धरून उभी राहत, चौदा म्हातारी माणसे साहेबांच्या दारात येऊन ठाकली. त्यांच्याही पुढे सासूबाई.

पूर्णाताई चटकन सासूबाईंकडे धावल्या. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते.

"यांना कोणी बोलावलं?" साहेबांनी विचारले.

"तुम्हीच," सासूबाई दम खात म्हणाल्या. "तुम्ही यादीतून घालवलंत, म्हणून आलो. एकतीस ही, बत्तिसावी मी. बाकीच्यांना जिना झेपत नाही. ती खाली फाटकापाशी बसलीत. मोजायची तर उतरून मोजा."

"साहेब," शिंपी पुढे झाला, "मी मेलो कधी ते तरी सांगा. लोकांची कापडं पडलीत माझ्याकडं."

खोलीतली सगळी मेजे खदखदून हसली. साहेबांनी हसू दाबले. "आजोबा, तसं नाही. हे गणिताचं आहे, जरा किचकट..."

"किचकट कसलं?" शिंपी म्हणाला. त्याने गळ्यातली मापाची पट्टी काढली आणि साहेबांच्या मेजावर पसरली. "हे बघा. कापड मापताना पट्टीचं एकाचं टोक धरलं, तर एकोणचाळीस इंचाचं कापड चाळीस दिसणार. पुन्हा मापताना शून्याचं टोक धरलं, तर एकोणचाळीस दिसणार. यात कापडाचं काय चुकलं? पट्टी धरणारा चुकला. आणि तुम्ही वर म्हणताय, कापड आटलं!"

मुख्याध्यापक मागून म्हणाले, "वर्गात मी यापेक्षा सोपं कधी शिकवलं नाही."

साहेब त्या पट्टीकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःच तिचे एक टोक उचलले. एकदा शून्यावर धरले, एकदा एकावर. साहेबांचे ओठ नकळत मोजत होते. शेवटी पट्टी खाली ठेवून त्यांनी खुर्ची मागे सारली आणि उठून उभे राहिले.

"खुर्च्या आणा," ते म्हणाले. "आधी यांना खुर्च्या आणा. बाई, तुमचा कागद द्या. माझा फाडा."

"फाडायचा नाही, साहेब," पूर्णाताई म्हणाल्या. "परिशिष्टात ठेवू. चूक कशी झाली ते पुढच्यांना कळायला हवं."

"आणि आमचं?" सासूबाईंनी विचारले.

"तुम्ही जिवंत आहात," साहेब म्हणाले. "तसा मी लेखी दाखला देतो."

"दाखला नको. खाली उतरायचंय अजून. तुमच्या या जिन्यात टेकायला एक फळकूटसुद्धा नाही. माणसं आपोआप मरतील. कागदाची काही गरज नाही!"

त्या दिवशी साहेब खरोखरच फाटकापर्यंत उतरले आणि उरलेल्या सतरा जणांना त्यांनी बोटाने एकेक करून मोजले. अहवाल छापून झाला तो सतरा लाख चाळीस हजारांचा. त्याच आठवड्यात जिन्याच्या तीन वळणांवर तीन लाकडी बाक आले. आणि कार्यालयात पूर्णाताईंना नवे नाव मिळाले, कारण त्या दिवसापासून कोणतेही कोष्टक हाती आले की त्या पहिला प्रश्न एकच विचारत, "लागलं की पूर्ण?" चिडवायला ठेवलेले ते नाव वर्षभरात आदराचे झाले, आणि त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचे खरे नाव वहीत शोधावे लागले.

सासूबाई पूर्ण अठ्ठ्याऐंशीपर्यंत राहिल्या. अखेरपर्यंत त्या पाहुण्यांना सांगत, "मला एकदा सुनेनं मेलेलं दाखवलं आणि तिनंच उठवलं." मधल्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धांचे कक्ष उभे राहिले. पाळणे कमी होत गेले, पांढरे केस वाढत गेले. अहवालात काढलेली आकृती, जी पूर्वी खाली रुंद आणि वर निमुळती असे, ती मध्ये फुगून माठासारखी झाली, नेमकी पूर्णाताईंनी आखली होती तशी.

चाळीस वर्षांनी गणनेसाठी एक मुलगी दारात आली. हातात कागद नव्हता, काचेची पाटी होती. पूर्णाताई खुर्चीत होत्या.

"आजी, वय किती?"

"लागलेलं सांगू की पूर्ण?"

मुलगी हसली. "पूर्णच, आजी. इथं लिहिलेलंच असतं तसं." तिने पाटी वळवून दाखवली. रकान्यावर अक्षरे होती: 'वय (पूर्ण झालेली वर्षे)'.

पूर्णाताईंनी ती अक्षरे बराच वेळ वाचली. कंसात तीनच शब्द होते. "एक्याऐंशी," त्या म्हणाल्या. "पूर्ण."

निकाल पुढच्या वर्षी लागला. कार्यालयाच्या नव्या प्रमुखांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले. आता तिथे उद्वाहक होता; पण पूर्णाताईंनी जिन्यानेच जायचे ठरवले. तीन वळणांवर तीनदा बसल्या. बाकांचे लाकूड बसून बसून गुळगुळीत झाले होते. वर पोहोचल्यावर सगळी खोली उभी राहिली. प्रमुखांनी आकडा वाचला: ऐंशी व त्यापुढील, सतरा लाख एक्कावन्न हजार.

टाळ्या थांबेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली होती.

"अकरा हजारांनी चुकले मी," त्या म्हणाल्या. "माणसं माझ्या अंदाजापेक्षा चिवट निघाली." आणि मग, सासूबाईंच्याच थाटात, "त्यातली एक मी आहे, बरं का! मोजली आहे ना?"

त्यानंतर दीड वर्षाने त्या गेल्या. चौऱ्याऐंशीवे लागले होते, पूर्ण त्र्याऐंशी.

गणनेच्या अर्जावर वयाच्या रकान्यात ते तीन शब्द आहेत. त्या कार्यालयाच्या जिन्यात तीन बाक आहेत.